सावडीचं दळण

मनकर्णे, कंदिलाची काच पुसली का? पूस गं बाई आधी, काजळीनं तुझं तोंड बी दिसंना मला. लाईट काय आज बी येत नाय. चक्कीवाला तर काल दुपारीच कुलूप लावून गेला. राहू दे ती भांडी, सकाळी घासू. पोरीला मांडीवर घे अन् बस इथं माझ्यापाशी.

आज पहाटं तू जातं मांडलंस. चक्की बंद, घरात पीठ नाय, अन् नवऱ्याला तर सकाळी भाकरी बांधून द्यायची. तुझं काय चुकलं नाय त्यात. म्हातारीची झोप मोडायला नको म्हणून मला उठवलं नाय, ते बी मायेनंच. पण दळून उठताना तू काहीतरी बोललीस. मी जागीच व्हते, म्या ऐकलं. काय बोललीस ते आत्ता सांगू नको. आधी माझं ऐकून घे.

हे जातं घरात आलं तवा तुझा नवरा जन्माला बी यायचा व्हता. पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन सालं झाली असतील. निजामाचं राज गेलं व्हतं, तरी माणसं अजून हळू आवाजातच बोलायची. तशी सवयच लागून गेली व्हती. तुझे मामंजी छावणीत फौजेच्या तबेल्यात लागले, घोड्यांच्या दाण्यापाण्यावर. पैठणकडल्या आमच्या वाडीतून मला त्यांनी औरंगाबादेत आणलं, ते ह्याच घरात. पदरात तुझी थोरली नणंद, गया. नुसती चिमणीएवढी व्हती. बाळंतपण लई जड गेलं व्हतं मला. अंगात रगत म्हणून नाय, उठताना भिंत धरावी लागायची.

अन् तुझ्या मामंजींना तबेल्यात उजाडायच्या आत जायचं. इंजिनाची एक चक्की व्हती बाजारात, पण तेल मिळालं तर चालायची, नायतर बंद. शिवाय तिचं पीठ असं तापलेलं, की भाकरी थापायला घ्यावी तर कडेला चिरा. मी कुरकुर केली. झालं. एका बाजाराच्या दिवशी हा गडी हातगाडीवर जातं घालून दारात हजर! वर मिशीला पीळ देत सांगतोय, "निम्म्या दामात आणलं."

त्या दिसांत छावणीच्या बाजारात काय इकायला येईल त्याचा नेम नव्हता. दारं, चौकटी, पाळणे, तांब्याचे हंडे, सगळं लोकांच्या घरातलं. कुणाचं हाये, कुठून आलं, घेणारा इचारायचा नाय अन् देणारा सांगायचा नाय.

जातं मांडलं खरं, पण फिरंना. वरची पाळू अशी जड, की दोन वेढे घेतले की डोळ्यांपुढं अंधारी. पीठ तर पीठ नव्हंच, नुसता भरडा. मंग गल्लीत एक दिवस हाळी आली, "जात्याला टाकीऽऽ". सरूबाई म्हणून म्हातारी व्हती, हातोडी-छिन्नी पिशवीत घालून घरोघर हिंडायची. दगड झिजून गुळगुळीत झाला की दाणा नुसता सरकतो, दळला जात नाय. तिनं छिन्नीनं बारीक टवके पाडले की जातं पुन्हा धरायला लागायचं.

तिनं पाळू उचलून उताणी केली. त्यावरून तळहात फिरवला. मंग खालच्या तळीवरून फिरवला. अन् पुन्हा पाळू चाचपली.

"काय झालं वं?" मी म्हणाले.

"बाई, हे जातं एका घरचं नाय. तळी येगळी, पाळू येगळी."

"मंग काय बिघडलं?"

"बिघडलं काय नाय. ही पाळू दौलताबादकडची दिसती. तिकडं तळी जमिनीत गाडून बसवत्यात. गाडलेली तळी कोण उपटतंय? वरचं तेवढं उचलून आणलं आसंल." मंग तिनं खुंटा मला दाखवला. दोन्ही अंगांनी झिजलेला, हाताच्या जागी हात बसलेले. "ही दोघींची हाये. एकटीला जड जाईल. एखादी जोडीण बघा."

मला रडूच आलं. म्हणलं, "इथं माझं कोण हाये? जोडीण कुठून आणू?"

तिनं हातोडी उचलली. दिवस कलेपर्यंत टाकी लावत बसली. टक टक, टक टक. उठताना म्हणाली, "पहिलं दळण टाकून द्या, त्यात कच असती. खुंटा सैल झाला तर चिंधी वली करून ठोका. अन् जात्याचं तोंड रिकामं ठेवू नका, मूठभर दाणे राहू द्या."

हे सगळं म्या केलं. पण जोडीण नव्हती ती नव्हतीच.

आता तुला सावड ठाऊक हाये. तुझ्या माहेरी बी तीच रीत. आमच्या वाडीत एकटी बाई दळायला बसायचीच नाय. आज जाऊ माझ्याकडं यायची, समोर बसायची, दोघींचे हात एका खुंट्यावर. उद्या मी तिच्याकडं. तिनं दळू लागलं की आपण उठताना म्हणायचं, "उद्या येते बरं का तुमच्याकडं." बस. आपल्यात काय कुणी कुणाचे आभार मानत नाय. त्या बोलण्यातच सगळं आलं. अन् बोललं की गेलंच पायजे. जाईपर्यंत ते डोक्यावर राहतं. मी लहानपणापासून ते इतक्यांदा बोलले असंन, की झोपेत बी बोलले असते.

अन् झोपेतच बोलले गं बाई.

थंडीचे दिवस व्हते. पहाटं चिमणी लावली अन् जात्यावर बसले. रातभर गया रडली व्हती, माझा डोळ्याला डोळा नव्हता. तुझे मामंजी तिकडं तोंडावर घोंगडी घेऊन घोरत. पहिली वैरण, मूठभर दाणे, तोंडात घातली अन् वढलं. पाळू जागची हालंना. कपाळ खुंट्याला टेकलं अन् तशीच पडून राहिले जरा. पुन्हा वढलं... अन् जातं फिरलं. हलकं. आपण वढतो तेवढ्यात समोरून कुणी ढकलावं, तसं.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. भीती नाय, काय नाय. इतक्या दिसांत पहिल्यांदा हाताला सुख लागलं. डोळे मिटलेलेच व्हते. जात्याची घरघर अशी एकसारखी चालली, की मी वाडीतच हाये, समोर जाऊ बसली हाये, असंच वाटत गेलं. बांगड्या वाजत व्हत्या. माझ्या हातात तर बाळंतपणापासून एकेकच राहिली व्हती, पण तेवढं ध्यानात येतंय कुणाच्या? वास मातूर येगळा आला. ऊन पिठाच्या वासात दुसरा एक वास. लई दिवस दार न उघडलेल्या घराचा असतो ना, दमट, जुन्या सारवणाचा, तसा.

दळण सरलं. गया कुरकुरली. मी गुडघ्यावर हात देऊन उठले अन् म्हणाले, "दमला असाल बाई. उद्या येते बरं का तुमच्याकडं."

बोलले अन् डोळे उघडले.

समोर कुणी नव्हतं. पीठ मातूर चौफेर सारखं पडलेलं. एकटी दळती तिचं पीठ एका अंगाला साचतं, हे तुला ठाऊक हाये. अन् जात्यापलीकडं पोतं अंथरलेलं व्हतं, घडी घालून, बसायला घालतो तसं. ते म्या अंथरलं नव्हतं.

मी गयाला उचलून भिंतीशी सरकले. पण दिवस उजाडला, चूल पेटली, भाकरी झाल्या. भाकरी अशा मऊ, की तुझे मामंजी म्हणाले, "आज काय जादू केली?" म्या दुसरी भाकरी वाढली. बाईला आपलं येड बाहेर दाखवायची लाज वाटती.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी दळायला बसलेच नाय. गयाला कुशीत घेऊन पडून व्हते. तुझे मामंजी नुकतेच गेले व्हते, त्यांच्या वहाणांचा आवाज गल्लीच्या टोकाला इरला. अन् दाराशी कुणी बोललं. अगदी हळू. शेजारीण दुसऱ्याची झोपमोड नको म्हणून बोलती, तसं.

"आवडाबाई... येताय ना?"

माझंच नाव. मी पोरीच्या तोंडावर हात ठेवला. श्वास सोडला नाय.

"बरं... उद्या या."

काय राग नाय, काय नाय. समजुतीनं बोलली अन् गेली. त्या दिवशी दुपारपासून माझे हात भरून आले. खांद्यापासून बोटांपर्यंत. पायलीभर दळल्यासारखे. अन् दूध आटलं. सांगते तुला मनकर्णे, दुसरं काय बी सोसवतं, पण लेकरू छातीला झोंबतंय अन् दूध नाय, ते सोसवत नाय. शेळीचं दूध आणलं, ते पोटात टिकंना. रोज पहाटं ती यायची. "येताय ना?" अन् मी गप्प. रोज गया थोडी थोडी हलकी व्हत चालली. रडायचं बी तिनं कमी केलं, तवा मला धडकीच भरली.

तुझ्या मामंजींना सांगितलं. ते एक पहाट काठी घेऊन दारात बसले. कुणी आलं नाय. "तुझं डोकं फिरलंय," म्हणाले, अन् पैठणच्या मोटारीवाल्यासंगं आईला सांगावा धाडला.

आत्याबाई आल्या, माझ्या सासू. मंजुळाबाई त्यांचं नाव. तू पाहिलं नाय त्यांना. उंच, काळ्याभोर, आवाज असा की मेंढरं कानात वारं शिरल्यासारखी पळायची. गठुडं खाली ठेवायच्या आधी नातीला उचललं, हाताच्या अंदाजानं जोखलं, अन् तोंडातली मिश्री बाहेर थुंकून म्हणाल्या, "ह्या पोरीला काय वाऱ्यावर वाढवतीस काय गं?"

मी सगळं सांगितलं. रडत रडत सांगितलं.

"उठताना काय म्हणालीस? नीट सांग."

"उद्या येते बरं का तुमच्याकडं."

"जीभ झडली नाय तुझी!" एवढंच बोलल्या. मंग जात्यापाशी जाऊन बसल्या. खुंट्याला हात लावला, झिजलेली जागा अंगठ्यानं चाचपली. म्हणाल्या, "येड्ये, अंगारे-धुपारे करून काय व्हणार? तिनं काय वाईट केलंय तुझं? तिनं दळू लागलं. आपण फेडलं नाय. गाऱ्हाणं तिचं खरं हाये."

"मंग मी जाऊ?" मी म्हणाले. कुठं जायचं ते मला ठाऊक नव्हतं. अन् ठाऊक व्हतं बी.

"तू कशाला? सावड घरानं फेडायची असती. माय आजारी असली तर लेक जाती का नाय? सून बाळंतीण असली तर सासू जाती. मी जाते."

मी पाय धरले त्यांचे. म्हणलं, "आत्याबाई, नका जाऊ. मी बोलले, मी निस्तरते."

"सोड पाय. तू गेलीस तर हिला पाजील कोण? माझ्या अंगाला आता दूध येतंय व्हय?"

अन् हसल्या गं! असं हसल्या, की मला बी रडता रडता हसू आलं.

त्या पहाटं त्यांनी तांब्याभर पाण्यानं हातपाय धुतले. गठुड्यातलं धुवट लुगडं नेसल्या, पदर खोचला. गयाच्या टाळूला तेल घातलं. मंग दाराशी बसून राहिल्या, माप घेऊन शेजारी जायचंय अशा.

"आवडाबाई... येताय ना?"

"आले गं माय, आले," आत्याबाई म्हणाल्या. "तिची सासू हाये मी. जरा दम धर, वहाण घालू दे."

आत्याबाईंनी दार उघडलं. थंडी आत आली अन् त्यासंगं तो वास, बंद घराचा. मी पोरीला छातीशी धरून चौकटीपाशी गेले. गल्लीत धुकं व्हतं. त्यातून आत्याबाई दौलताबादच्या वाटेला लागल्या व्हत्या. डाव्या अंगाला तोंड करून बोलत चालल्या व्हत्या. मधनंच थांबायच्या, ऐकायच्या, मान हालवायच्या. दोघी जणी पाण्याला निघाव्या तशा. डाव्या अंगाला कुणी नव्हतं.

दुपार कलल्यावर परत आल्या. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. आपल्या घरात दाणा ज्वारीचा, अन् ते पीठ बाजरीचं व्हतं. म्या बोटानं चाखून बघितलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या, तांब्या तोंडाला लावला तो रिता करूनच खाली ठेवला.

"फिटलं," म्हणाल्या. "लई दाणा व्हता बाई."

"कोण हाये ती?"

"हाये एक. धामधुमीच्या दिसांत सगळ्या गल्लीला दळून दिलं तिनं. उद्या येतो, उद्या येतो म्हणत एकेक घर निघून गेलं. तिची फेड कुणी केली नाय. बसली हाये बिचारी वाट बघत."

मला राहवलं नाय. म्हणलं, "पण आत्याबाई, तिची पाळू तर इथं हाये. तिथं नुसती तळी आसंल. मंग तुम्ही दळलं कशानं?"

त्यांनी आपले हात उघडून बघितले. पुन्हा मिटले.

"पाज पोरीला," म्हणाल्या.

अन् खरंच, माझी चोळी भिजली व्हती. गया अशी लुचली, अशी लुचली, की मी वाकून तिचं टाळकंच बघत बसले. जगात दुसरं काय हाये ह्याचं मला भान नव्हतं. म्हणून आत्याबाई काय काय बोलल्या त्यातलं निम्मं मला आठवत नाय. एवढं आठवतं. म्हणाल्या, "जातं इकू नको, फेकू नको. दुसरी कुणी पोर एकटी बसंल त्याच्यावर, अन् तिला सांगणारं कुणी नसंल. जोडीनं दळ. अन् दळून उठताना तोंड मिटून ऊठ." मंग म्हणाल्या, "पडते जरा," अन् भिंतीकडं तोंड करून निजल्या. दिवे लागले तरी उठल्या नाय. तुझे मामंजी हाका मारत राहिले.

अंघोळ घालायला मीच व्हते. मनकर्णे, त्यांचे तळहात म्या उघडून बघितले. त्यावर एक रेघ नव्हती. टाकी मोडलेल्या दगडासारखे, गुळगुळीत. अन् पीठ... धुतलं की जायचं, अन् जरा वेळानं बोटांच्या बेचक्यांत पुन्हा दिसायचं. शेवटी तसंच नेलं त्यांना.

पुन्हा कुणी दारात आलं नाय. इतकी सालं झाली, चक्क्या झाल्या, लाईट आली. पण डाळ भरडायची असो नायतर सणाला काय दळायचं असो, म्या शेजारणीला बोलावल्याबिगर ह्या जात्याला हात लावला नाय. तू आलीस तवापासून तुझ्यासमोर बसले. उठताना तोंड मिटून उठले. तू एकदा इचारलं बी, "आत्याबाई, दळून झालं की तुम्ही मुक्या का व्हता?" तवाच सांगायला पायजे व्हतं. पण तुझे दिवस भरत आले व्हते, म्हणलं कशाला घाबरवा, पोर झाल्यावर सांगू. पोर झाली, अन् तुझं तोंड बघून पुन्हा राहूनच गेलं.

आता सांग. आज पहाटं जातं हलकं लागलं ना? पीठ चौफेर पडलं ना?

अन् उठताना तू म्हणालीस, "येते हां उद्या तुमच्याकडं."

रडू नको गं. पोरगी जागी व्हईल. तुला काय ठाऊक, झोपेच्या भरात माहेरची सवय तोंडातून गेली. माझी गेली व्हती तशीच. ये इकडं, डोळे पूस. पहाटं दाराशी हाक आली तर तू उठायचं नाय. पोरीला घेऊन आतल्या खोलीत नीज. माझं ते निळं लुगडं पेटीतनं काढून खुंटीला अडकव, अन् वहाणा दाराशी. तुझ्या नवऱ्याला एवढ्यात काय सांगू नको, तो बापावर गेलाय, काठी घेऊन बसंल.

नाय म्हणू नको. तू गेलीस तर हिला पाजील कोण? माझ्या अंगाला आता दूध येतंय व्हय?

हां. हसलीस बघ.

कंदील जरा इकडं धर. तुझे हात दाव. दोन्ही दाव. हायेत, रेघा सगळ्या हायेत. बरं झालं बाई. आता माझे बघ. सकाळपासून धुते हाये, साबण लावून झाला, राख लावून झाली, पीठ काय जात नाय. अन् आज तर म्या जात्याला हात बी लावला नाय.